कट्ट्यावरची पेटी आणि दाजींची म्हैस

लग्नाच्या पंगतीत बसलो तरी माझं लक्ष ताटात नसतं. मांडवाच्या खांबाला कुठली वायर टेकलीय, जनरेटरचं अर्थिंग कुठं केलंय, तिकडंच नजर जाते. बायको कोपरानं ढोसते, मी जिलेबी तोंडात घालतो आणि पुन्हा वायरीकडं बघतो. इलाज नाही. रस्त्याकडेला फोन-इंटरनेटच्या ज्या राखाडी लोखंडी पेट्या दिसतात, त्या बसवणं आणि सांभाळणं हा माझा धंदा. खालून केबल आत घ्यायची, विजेची लाईन जोडायची, आणि पत्र्यात चुकून करंट उतरलाच तर तो मातीत जावा म्हणून जाड हिरवी वायर जमिनीत पुरायची. केबल दिसते, लाईन दिसते. पुरलेलं काही दिसत नाही, म्हणून तेच डोक्यात घोळत राहतं.

अशाच एका पेटीनं गेल्या उन्हाळ्यात मला आक्काच्या घरचा चहा बंद केला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे मालक, आमचे दाजी, रोज संध्याकाळी पेठेच्या कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर म्हैस आणतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. कोल्हापुरात डोळ्यांदेखत फेस आल्याशिवाय दुधावर कुणाचा विश्वास नाही. त्यांच्या जागेला अगदी खेटून मी पेटी बसवली होती. चार-सहा महिने सगळं गोडीत चाललं. मग एके दिवशी फोन आला.

"पावणं, तुमच्या डब्यानं आमची म्हस बिघडिवली."

गेलो. म्हैस कट्ट्यापर्यंत आली आणि पाय रोवून थांबली. ओढून बांधली, पुढं आंबोण ठेवलं, रेडकू सोडलं, तरी ती सारखी पाय झाडत होती. दाजींनी कासेला हात घातला तर थेंब नाही. पान्हा चोरला होता. किटल्या घेतलेली गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघत होती.

"आठवडा झाला ह्येच चाललंय," दाजी म्हणाले. "अशीच चोरत राहिली तर आटून जाईल. मग मी हितं काय, तुमच्या डब्याची धार काढू?"

मी पेटी उघडली. एकेक नट आवळला. हिरवी वायर जागच्या जागी होती. पत्र्यावर तळहात ठेवून म्हणालो, "काय न्हाय दाजी. उन्हाळा हाय. तलखी होत असंल तिला."

दाजी माझ्या पायांकडं बघत राहिले. "पायात काय हाय तुमच्या?"

"सेफ्टी बूट."

"मग म्हस काय बूट घालून उभारती व्हय?"

रांगेतले एक म्हातारे म्हणाले, "मालक, तिला बी घ्या की पावण्यांसारखा एक जोड."

"एकानं कसं भागंल? दोन लागतील," दाजी म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो, पण बुटांकडं एकदा बघितलंच. मीटर काढला. एक तार पत्र्याला लावली, दुसरी म्हैस उभी राहते तिथल्या ओल्या मातीत खोचली. आकडा वर गेला. बूट घातलेल्या माणसाला कळू नये आणि पत्र्याला अंग टेकून चिखलात चार पायांवर उभ्या जनावराला टोचत राहावं, एवढा. त्याच पत्र्याला टेकून संध्याकाळभर लोक गप्पा मारायचे.

आधी पेटीची लाईन तोडली. लगेच गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली: नेट गेलं, मॅच अडकली, कुणी बंद केलं. मी मान वर न करता खणत होतो. हिरवी वायर मातीत सरळ शिरली होती, आणि हातभर खाली एकदम संपली होती. गटाराची पाईप टाकताना कुणाच्या तरी मशीननं ती तोडली होती आणि वर माती लोटून दिली होती. नवा रॉड ठोकला, नवी वायर जोडली, लाईन सुरू केली, पुन्हा मोजलं. आकडा शून्यावरनं हलला नाही. दाजींना बोलावून दाखवलं.

"मला कळलं," दाजी म्हणाले. "हिला कोन सांगनार?"

दुसऱ्या दिवशी म्हैस लांबच थांबली. तिला पटावं म्हणून मी बूट काढले आणि अनवाणी, पेटीला पाठ टेकून उभा राहिलो. वर हातही पसरले. तिनं माझ्याकडं जसं बघितलं तसं आजवर फक्त सासुरवाडीत कुणीतरी बघितलंय. दाजींनी दावं धरलं, तिला रस्त्यापलीकडच्या भिंतीकडं नेलं, रेडकू लावलं, पाठीवरनं हात फिरवत राहिले. मी इकडं पेटीला चिकटून, श्वास धरून. बऱ्याच वेळानं बादलीत धार वाजली. गिऱ्हाइकं किटल्या घेऊन रस्ता ओलांडायला लागली.

दाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. "घरी जावा," धार काढता काढता म्हणाले, "च्या ठेवती आक्का."

त्यानंतर दाजी तिला थोडी थोडी जवळ आणत गेले. मी रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून जायचो, मीटर लावायचो, आकडा बघायचो, तरी घरी जाताना वाटायचं, पुन्हा एकदा बघावं का. आता ती पूर्वीच्या जागी उभी असते. माशा हाकलताना तिचं शेपूट पेटीवर फाडकन बसतं, आणि दर फटक्याला माझ्या हातातला दुधाचा पेला हिंदकळतो. ती मात्र डोळे अर्धे मिटून रवंथ करत असते.