सरळ चाललेली बोट

आज मी जो काही आहे तो आमच्या तपासणी विभागाच्या मॅडममुळे. तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर मी. सहा महिने त्यांनी माझं काम ओळ न ओळ वाचून सुधारलं आणि मला कायम करावं असं वर लिहून दिलं.

परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या आमच्या ऑफिसात विमानावरच्या रडारचं सॉफ्टवेअर बनतं. रडारला दिसलेल्या प्रत्येक विमानाचा, बोटीचा माग संगणकाने ठेवायचा. रडारच्या दर फेरीला त्यासाठी ठरलेला वेळ. किनाऱ्याजवळ बोटींची गर्दी झाली की तो पुरत नाही. अशा वेळी कोणाकडे आधी बघायचं, हे ठरवणारा भाग माझा होता. जवळच्या, वेगवान वस्तू प्रत्येक फेरीत. लांबच्या संथ बोटी दर चौथ्या फेरीत. मधल्या फेऱ्यांत बोट मागच्याच वेगाने पुढे गेली असेल असं धरून पडद्यावरची तिची खूण सरकवायची.

गर्दी वाढली की चौथ्या फेरीची पाळी विसाव्या फेरीवर जाई. खूण मात्र तशीच हिरवी, ठाम. चाचणीत पडदा कुठे अडखळला नाही. मॅडमनी माझ्या अहवालावर सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सॉफ्टवेअर विमानात बसवून उड्डाण होणार होतं.

दुपारी मी समुद्रावर टिपलेली तीच चाचणी पुन्हा चालवत होतो. कोळीवाड्यात वाढलेला माझा सहकारी चहा घेऊन मागे उभा राहिला आणि पडद्यावर सरळ रेषेत सरकणाऱ्या एका बोटीच्या खुणेकडे बघू लागला.

"ही काय करतेय रे?"

मी म्हटलं, मासेमारी. नोंदीत तसं आहे.

"जाळं ओढताना इतकी सरळ? माझ्या बापाला दाखव, हसून पडेल."

मी मूळ नोंद उघडली. बोट केव्हाच वळली होती. संगणकाला तिच्याकडे बघायला वेळच मिळाला नव्हता. तिला शोधायला कोणी गेलं असतं, तर रिकाम्या पाण्यावर घिरट्या घालत बसलं असतं.

सहकारी म्हणाला, सही झालीय, पुढच्या आवृत्तीत गुपचूप नीट कर. आता बोललास तर तू जाशील आणि मॅडमनाही घेऊन जाशील. तो माझ्या भल्याचंच सांगत होता. मी जिन्यात जाऊन मॅडमना फोन लावला. त्या दादरला बैठकीत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी सही केलीय, ठाऊक आहे ना तुला?"

"हो, मॅडम."

"मग तोंडी चालणार नाही. लिहून दे, तुझ्या सहीनं. पाचच्या आत."

साडेचार वाजले होते. मी लिहिलं ते असं :

"आदरणीय मॅडम,

गर्दीच्या वेळी लांबच्या बोटींची जागा अंदाजाने दाखवली जाते आणि तो अंदाज आहे हे पडद्यावर कळत नाही. पडदा नीटनेटका दिसावा म्हणून खुणेचा रंग न बदलण्याचं मीच ठरवलं आणि अहवालात ते लिहिलं नाही. सही करताना आपल्याला हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. उद्याचं उड्डाण थांबवावं, ही विनंती. जुनी खूण फिकी दिसेल आणि ती किती जुनी आहे हे शेजारी दिसेल, एवढं करायला दोन दिवस लागतील. ते काम दुसऱ्या कोणाकडे दिलंत, तरी मी शेजारी बसून सगळं समजावून देईन.

आपला नम्र"