नळीत मारलेली फुंकर

बंदुकीच्या नळीला तोंड लावून फुंकर मारणारा जावई आमच्या सासुरवाडीने माझ्याआधी पाहिला नसावा. नातेवाइकांत हा किस्सा मीच सांगतो, आणि लोक हसतात. हसतात तिथेच मी थांबतो. पुढचं सहसा सांगत नाही.

सासुरवाडी यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. सासूबाई वारल्यापासून आबा, म्हणजे माझे सासरे, केळीच्या बागेतल्या घरात एकटेच राहतात. मेव्हणा दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळ्या करतो, आम्ही धुळ्यात देवपूरला. आबांच्या सोबतीला बाग, बागेत शिरणारी रानडुकरं, आणि पीक राखायच्या परवान्यावर मिळालेली जुनी ठासणीची बंदूक.

ही बंदूक तोंडाकडून भरायची असते. आधी दारू, तिच्यावर चिंधीचा बोळा, मग लोखंडी गजाने दोन्ही ठासायचं, आणि सगळ्यात शेवटी घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते. आबा छर्रे कधी घालत नाहीत. दिवस मावळताना बांधावर नुसता बार काढतात. डुकरं घाबरून शेजाऱ्याच्या बागेत जातात, आणि थोड्या वेळाने शेजाऱ्याचा बार ऐकून परत येतात.

आबांचा नियम कडक होता. भरलेली बंदूक घरात टांगायची नाही. डुकरं दिसोत न दिसोत, बार काढूनच उंबरठा ओलांडायचा. मग लगेच नळीत कढत पाणी ओतायचं, कापडाने कोरडी करायची, तेलाचा हात फिरवायचा. दारूची काजळी ओल धरते आणि लोखंड खाते. आंघोळ केल्याशिवाय ती झोपत नाही, असं आबा म्हणायचे आणि उगाच माझ्याकडे बघायचे.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्यासाठी आम्ही नवराबायको गाडी घेऊन गेलो होतो. आबा खुशीत होते. जमा करायच्या आधी सांजच्याला एक बार तुम्हीच काढा जवाईबापू, असं त्यांनी फोनवरही सांगितलं होतं आणि पोचल्यावरही. त्यासाठी एका डबीत दारू मोजून त्यांनी कोनाड्यात ठेवली होती. मी मनातल्या मनात फोटोही काढून ठेवला होता: डोळा बारीक, गाल दस्त्याला, मागे केळीची बाग. कॉलेजात अकाउंट्स शिकवणाऱ्या माणसाला असे फोटो फार मिळत नाहीत.

जेवण झालं. उन्हाने बाग चूप झाली होती. वाळक्या केळीपानांची तेवढी खरखर चाललेली, कुणीतरी आत फिरत असल्यासारखी. आबा ओट्यावर पडले होते. ही मागे भांडी आवरत होती. मी खाटेवर आडवा झालो आणि माझं लक्ष वर गेलं. बंदूक बरोब्बर खाटेच्या वर, खुंटीवर होती. दर मुक्कामाला मी तिच्याच खाली झोपतो. म्हटलं, आबांना जरा मदत करावी, धुऊनपुसून तयार ठेवावी.

दस्ता फरशीवर टेकवून मी बंदूक गुडघ्यांत धरली. पाणी ओतण्याआधी नळी मोकळी आहे का ते फुंकून बघतात, हे मी पाहिलेलं होतं. आधी टोपीची जागा उघडी करून मग फुंकतात, एवढं मात्र नीट पाहिलं नव्हतं. तोंड लावलं आणि फुंकलं. हवा माझ्याच गालात परत आली. वाटलं, कुंभारीण माशीने आत मातीचं घर केलं असणार. मग गज घेतला आणि आत सोडला.

रिकाम्या नळीत गज पडला की टण्ण वाजतो. हा वाजला नाही. धप् झालं. गजावर आबांनी कानशीने घासलेली एक खूण आहे. नळी रिकामी असली की ती नळीच्या तोंडाशी येते. आज ती जवळजवळ वीतभर वर राहिली. माशीने बंगलाच बांधलाय, असं म्हणत मी गज आणखी दाबला.

"गज सोडा," मागून ही म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "आधी तोंड बाजूला घ्या. बंदूक हलवू नका."

मी तोंड बाजूला घेतलं. ती जवळ येऊन खाली बसली, घोड्याकडे बघत राहिली, आणि तिचा हात मध्येच थांबला. घोडा पडलेला होता आणि त्याच्याखाली टोपी होती. तांब्यावर हिरवट कळंक चढलेला. खुंटीवरून काढताना हा घोडा कुठे आपटला असता तर, किंवा माझ्या हातून बंदूक फरशीवर निसटली असती तर, याचा हिशेब मी तेव्हा केला नाही. अजूनही करायला घेतला की मध्येच सोडून देतो.

तिने एका हाताने नळी दाराबाहेरच्या मोकळ्या अंगणाकडे वळवली, घोडा अंगठ्याने मागे ओढला आणि नखाने टोपी उचकटून काढली. आबांच्याच हाताखाली शिकलेली मुलगी. मग मला म्हणाली, आता हला.

गजाच्या आवाजाने आबा आत आले होते.

"रिकामी हाये ते," ते म्हणाले. "म्या भरेल नाही. मले याद हाये."

हिने नळीत पाणी ओतून दारू भिजू दिली, मग गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावून आतला माल ओढायला घेतला. आधी एक बोळा आला. त्यामागे काळा चिखल. मी हुश्श केलं. तिने गज पुन्हा आत घातला. आणखी एक बोळा आला, आणि पुन्हा काळा चिखल.

दोन्ही बोळे एकाच कापडाचे होते. मी उचलून पाहिले. गेल्या खेपेला मी इथे विसरलेलं बनियन. एका बोळ्यावर बगलेची शिवण शाबूत होती. म्हणजे आम्ही येऊन गेल्यानंतर आबांनी बंदूक भरली होती, बार न काढता टांगली होती, आणि रिकामी समजून पुन्हा भरून पुन्हा टांगली होती. संध्याकाळी कोनाड्यातल्या डबीतली दारू त्या दोन्हींवर पडली असती. ती जुनी नळी फुटली असती ती माझ्या गालाशी. मी नसतो तर आबांच्या.

आबांनी चिखलात बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही भरली का, जवाईबापू?"

चेष्टा असेल म्हणून मी हसलो. ते हसत नव्हते. मग बंदूक कढत पाण्याने धुवायला मात्र ते स्वतःच बसले. हात एकदाही चुकला नाही. पाणी, कापड, तेल, पुन्हा कापड. शेवटी गज आत सोडला. टण्ण वाजला. त्यांनी तो काढून पुन्हा सोडला. मग पुन्हा.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी जाऊन बंदूक ठाण्यात जमा केली. आबांना घरी सोडलं तेव्हा ते म्हणाले, निवडणूक झाली की आणायची, डुकरं काय मतदानाला थांबत नाहीत. मी हो म्हणालो.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना केळीच केळी. मला गप्प बसवत नाही. म्हटलं, वय आहे, एखाद्या वेळी होतं, मीसुद्धा बनियन विसरलोच की. ही बाहेर बघत राहिली. मग म्हणाली,

"महिना झाला, आबा फोनवर रोज विचारतात, तुझी आई तुमच्याकडून परत कधी येणार. मी रोज सांगते, येईल."