मास्तरांची फुली

थिएटरात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच संपला होता, पण चार शाळांतल्या मास्तरांनी मिळून मारल्या नसतील एवढ्या थोबाडीत त्यांनी एकट्यानं मारल्या होत्या. प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये त्यांच्या हाताखाली जो कोणी काम शिकला, तो गाल चोळत शिकला. दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळून आखूड होतात. त्या वेळच्या वेळी जवळ सरकवल्या नाहीत तर पडदा पिवळा पडतो. पडदा पिवळा पडला की एक थोबाडीत. एका मशीनवरचं रीळ संपलं आणि दुसऱ्यावरचं वेळेत सुरू झालं नाही, पडदा पांढराफटक राहिला, की दोन. फिल्म उलटी चढवली तर मग हाताला लागेल ते.

याला कारण होतं. मास्तर स्वतः शिकाऊ असताना त्यांच्या उस्तादानं एकदा रिळांचा क्रम चुकवला. सातवं आधी लावलं आणि पाचवं नंतर. ज्याचा खून झालेला लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता, तो माणूस पुढच्या रिळात दाढी करत गाणं म्हणायला लागला. लोक वर आले आणि त्यांनी उस्तादाला लोखंडी जिन्यावरून खाली फेकलं. त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली तो आवाज मास्तरांनी मशीनमागे लपून ऐकला. तेव्हापासून त्यांचं ठरलेलं म्हणणं होतं, लोकांनी मारण्याआधी आपण मारलेलं बरं.

या म्हणण्याचा सगळ्यात जास्त प्रसाद मिळाला तो डुलकीला. डुलकी हा त्यांचा मदतनीस, तिशीला टेकलेला, अंगानं आडवा, चेहऱ्यावर कायम नुकतीच झोपमोड झाल्याचा भाव. एकदा तो मशीनला टेकून झोपला आणि फिल्म गुंडाळणारं खालचं चाक बंद पडलेलं त्याला कळलं नाही. फिल्म केबिनभर पसरली आणि जिन्यावरून घरंगळत थेट तिकीट खिडकीपर्यंत गेली. एकदा आवाजाचं बटण दाबायला विसरला, तर नायिका अख्खं गाणं मुक्यानं नाचली. मास्तरांनी त्याला तीनदा हाकलून दिलं. पण तोवर मास्तरांच्या मुलीनं, वडिलांचा डबा आणता आणता, याच ध्यानात जीव अडकवला होता.

“जगात एवढे पुरुष आणि तुला हाच सापडला?” मास्तरांनी विचारलं.

“तुमच्या हातचा मार खाऊन हसतो तो, बाबा. असा दुसरा दाखवा.”

मास्तरांना दुसरा दाखवता आला नाही. लग्न झालं.

मग एक विचित्रच रीत पडली. घरी ‘या जावईबापू, बसा, पाणी घ्या’, आणि केबिनचं दार लागलं की त्याच जावईबापूंच्या मुस्काटात. यातलं काही घरी बोलायचं नाही, हे दोघांनी न बोलताच ठरवलं होतं. गालावरचा वळ मुलीला दिसला की डुलकी म्हणायचा, “मशीनचं झाकण लागलं.” ती मशीनला चार शिव्या घालायची आणि हळद लावायची. मास्तर समोर बसून जेवत असायचे, आणि त्यांचा घास काही अडत नसे.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांपासून मास्तरांच्या डोळ्यांसमोर धुकं यायला लागलं होतं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक गोल ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. सात सेकंदांनी दुसरा ठिपका चमकतो, तेव्हा या मशीनच्या भिंगापुढची झडप पाडायची आणि त्या मशीनची उघडायची. हे नेमकं जमलं तर बघणाऱ्याला रीळ बदललेलं कळतच नाही. मास्तरांना तो ठिपका दिसेनासा झाला. हे कुणाला सांगितलं असतं तर केबिन गेलं असतं, आणि केबिनशिवाय मास्तर म्हणजे दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारणारा एक म्हातारा. त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनी युक्ती काढली. नवा सिनेमा आला की सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते प्रत्येक रिळाच्या शेवटाकडे फिल्मच्या कोपऱ्यावर खिळ्यानं ठसठशीत फुल्या कोरायचे. रिळाच्या अगदी शेवटी कोरी पट्टी चिकटवलेली असते, आणि तो जोड बोटाला लागतो. जोडापासून मागे ठरावीक हात फिल्म मोजायची आणि फुली मारायची, त्याला डोळे लागत नाहीत. दुसऱ्या थिएटरांतल्या ऑपरेटरांनी फिल्मवर ओढलेल्या रेघोट्या पाहून आयुष्यभर ‘हरामखोर, निष्काळजी’ म्हणत आलेला हा माणूस. आता त्याचीच फुली पडद्यावर खाटेएवढी उमटायची, आणि तीच तेवढी त्याला धुक्यातून दिसायची. केबिनमध्ये नवा नियम झाला: ठिपका दिसो न दिसो, बदलायचं ते फुलीवर.

“मास्तर, ही ठिपक्याच्या थोडी आधीच येते की,” डुलकी एकदा म्हणाला.

त्याचं उत्तर त्याला कानाखाली मिळालं. पुन्हा त्यानं विचारलं नाही.

त्या शुक्रवारी लागलेला सिनेमा मारामारीचा होता. एक नराधम पावणेतीन तास सगळ्या गावाला छळतो, आणि आठव्या रिळाच्या शेवटी नायक त्याचा गळा पकडतो. त्या अर्ध्या मिनिटासाठी लोक आले होते. तीनचा पहिलाच खेळ, पंखे अर्धे बंद, खुर्च्यांच्या मधल्या वाटेतही माणसं बसलेली. नायकाचा हात गळ्यावर पडला आणि हजार माणसं एकदम उठून उभी राहिली. कोपऱ्यात फुली उमटली. डुलकीनं झडप बदलली. पडद्यावर एक बाई शांतपणे अंगणात कपडे वाळत घालायला लागली.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग एक शिट्टी, मग शिव्या, मग खुर्च्या. बसायच्या फळ्या उपटल्याचा कडकड आवाज केबिनच्या काचेतून ऐकू येत होता. पहिली सोड्याची बाटली पडद्यावर फुटली, दुसरीनं पडदा वरपासून खालपर्यंत फाडला. डोअरकीपर हात पसरून आडवा उभा राहिला तर कुणीतरी फळी त्याच्या टाळक्यात घातली. तो बसला आणि बसल्या जागी ओकला. मॅनेजर ऑफिसला आतून कडी लावून टेबलाखाली शिरला. “वर चला,” कुणीतरी ओरडलं, आणि लोखंडी जिना वाजायला लागला.

मास्तर तो आवाज ओळखून होते. घाबरले की त्यांना नेहमी राग यायचा, तसाच तो आताही आला.

“झोपलास ना? परत झोपलास?”

“नाही मास्तर. आईशपथ जागा होतो. तुमच्या फुलीवरच बदललं.”

“माझ्या?”

“तुमच्याच. ठिपका यायचाच होता अजून, पण तुमचा नियम—”

रिकाम्या रिळाचं लोखंडी चाक हाताशी होतं. ते उचलून मास्तरांनी त्याच्या डाव्या कानावर हाणलं. डुलकी मशीनवर आदळला, दिव्याच्या तापलेल्या पत्र्याला त्याचा दंड चिकटला आणि कातडीचा वास आला. दुसरा फटका पाठीत बसला. तिसऱ्या वेळी त्यानं हात वर केले तर चाकाची कडा बोटांवर बसली. “मास्तर, बास... मास्तर,” तो म्हणत होता. हसत नव्हता. त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली होती, आणि ती पाहूनही मास्तरांनी चौथा फटका मारला.

दार बिजागरीसकट आत पडलं. पाच-सहा जण आत घुसले. सगळ्यात पुढचा धिप्पाड माणूस दोघांकडे बघत ओरडला, “कुणी चालवलं?”

मास्तरांचा हात वर झाला आणि बोट डुलकीकडे गेलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणी गळा धरला नव्हता. त्यांनी जावई दाखवून दिला.

लोकांनी डुलकीला पाय धरून ओढलं. जिन्याला बावीस पायऱ्या होत्या. डोकं प्रत्येक पायरीवर आपटत होतं आणि वर उभ्या मास्तरांना एकूण एक आवाज ऐकू आला. खाली अंगणात त्याला मधे घेऊन लोकांनी लाथा घातल्या. ज्यांना सिनेमाशी काही घेणंदेणं नव्हतं, रस्त्यानं जात होते, त्यांनीही आत येऊन दोन घातल्या. पोलीस आले, लाठ्या चालल्या, आणि पाच मिनिटांत अंगणात चपला आणि एक माणूस तेवढा उरला.

डुलकीला दवाखान्यात नेल्यावर मॅनेजर धूळ झटकत वर आला. “मालक पेटलेत,” तो म्हणाला. “ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे दंगा झाला, असं लिहून पाहिजे त्यांना. उद्या सकाळी दवाखान्यात त्याची सही घेतो. लायसन जाणार त्याचं, दुसऱ्या कुठल्या थिएटरात उभं करणार नाहीत. पण मास्तर, तुम्ही काळजी करू नका. तुम्हाला कोण काय म्हणणार?”

तो गेल्यावर मास्तरांनी सवयीनं आठवं रीळ गुंडाळायला घेतलं. बोटाला फुली लागली, खिळ्यानं कोरलेली, एक पाय लांब. त्यांचीच. पुढे सात हात गेल्यावर जोड लागला. तो कोऱ्या पट्टीचाच असणार म्हणून त्यांनी आणखी फिल्म ओढली, तर ती संपेचना. अर्ध्या मिनिटाची फिल्म तशीच पुढे होती. दिव्याजवळ, पापणीला टेकेल इतकी जवळ धरल्यावर कुठे त्यांना दिसलं: नराधमाचं थोबाड, त्याच्या गळ्यावर नायकाचा पंजा. फिल्म आधी कुठेतरी मधेच तुटली होती, कुणीतरी ती जोडली होती, आणि त्या मधल्या जोडालाच शेवट समजून मास्तरांनी फुल्या मारल्या होत्या.

 मग त्यांनी फुल्यांचा तुकडा कात्रीनं कापला आणि काडी ओढून कार्बनच्या राखेच्या डब्यात जाळला. तुकडा आक्रसला, त्याचा काळा चिकट गोळा झाला. उरलेली दोन टोकं त्यांनी नीट जोडून टाकली. त्यांना स्वतःची शिसारी आली आणि सुटल्यासारखंही वाटलं. आता जगात कुणाकडे पुरावा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात गेले. डुलकी पलंगावर, डोक्याला पट्ट्या, डावा हात गळ्यात, एक डोळा सुजून बंद. शेजारच्या पलंगावर डोअरकीपर. मॅनेजर कागद घेऊन आधीच हजर होता आणि खिसे चाचपत पेन शोधत होता. मुलगी नवऱ्याच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून त्याची उशी सारखी करत होती. रात्रभर रडून तिचे डोळे लाल झाले होते.

“बरं झालं आलात, बाबा,” ती म्हणाली. “तुम्हीच समजवा यांना. सही करत नाहीत. म्हणे बाबांच्या फुलीमुळे झालं. मी म्हटलं, अहो, चूक झाली तर झाली म्हणा, त्या म्हाताऱ्या माणसावर कशाला ढकलता? त्यांचा हात कधी चुकलाय का?”

डुलकी छताकडे बघत पडला होता. एवढा मार खाऊनही पडला नव्हता तेवढा त्याचा चेहरा बायकोचं हे बोलणं ऐकून पडला. “द्या पेन,” तो मॅनेजरला म्हणाला. “करतो सही. संपवा एकदाचं.”

मास्तर स्टूल ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसले. जावईबापू म्हणावं की डुलक्या, त्यांना कळेना. ते वाकले आणि त्याच्या कानाशी, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “माझीच फुली चुकली रे.”

डुलकीनं मानही वळवली नाही. छताकडे बघतच राहिला. मास्तरांना वाटलं, त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि ते त्यांना रास्तच वाटलं. मग त्याची नजर कानाशी वाकलेल्या त्यांच्या तोंडावर गेली.

“काय म्हणताय? तो कान गेला, मास्तर. परत येणार नाही म्हणाले डॉक्टर. मोठ्यानं बोला.”

सगळ्या वॉर्डाचं लक्ष आता त्यांच्याकडे होतं. ‘काही नाही, बरा हो लवकर’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मॅनेजरला पेन सापडलं होतं. डुलकीनं उजवा हात पुढे केला. त्याच्या दोन बोटांना फळ्या बांधल्या होत्या, आणि चाकाच्या कडेचा वळ पट्टीबाहेर दिसत होता.

मास्तर उठून उभे राहिले आणि दोन मशीनच्या गोंगाटात वापरायचा आवाज त्यांनी लावला.

“फुली मी चुकीच्या जागी मारली. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली, दिसत नाही. यांनी मी सांगितलं तसंच केलं.” त्यांचं बोट पट्टी बांधलेल्या डाव्या कानाकडे गेलं. “आणि हा कान लोकांनी नाही फोडला. मी फोडला. चाकानं. ते नको म्हणत असताना.”

डोअरकीपर कोपरावर उठून बसला. मॅनेजरनं पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. मुलगी पलंगाला वळसा घालून आली आणि वडिलांच्या समोर, वीतभर अंतरावर उभी राहिली. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ती त्यांच्या हातांकडे बघत होती.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली.

“अगं पोरी...”

“कान कुणी फोडला ते पुन्हा सांगा.”

मास्तरांनी सांगितलं.

“अजून एकदा,” ती म्हणाली.