गावंडे सरांचं कार्टून

चार रिसोडकर एकत्र बसले की कुणीतरी गावंडे सरांचा विषय काढतो आणि सगळ्यांचा चहा गार होतो. एक किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला तिसरा आठवतो. हे सगळे सत्तरच्या दशकातले.

सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. तीस वर्षं फळ्यावर आंबा आणि माठ! रिटायर व्हायला वर्ष उरलं असताना सरकारी प्रचाराच्या गाडीनं बाजारतळावर एक कार्टून दाखवलं. गाढवामागे धावणारा माणूस गच्चीवरून थेट हवेत जातो, हवेतच उभा राहतो, खाली पाहतो आणि मग पडतो. सर म्हणाले, "हे आपण खऱ्या माणसाले घेऊन करू. मायी चित्रं कोणी पायत नाही. एवढं तरी लोकायनं पाहावं!"

कापड दुकानाच्या शांतीशेठकडे मेहुण्यानं दिलेला सिनेमाचा छोटा कॅमेरा आणि प्रोजेक्टर होता. रील मात्र एकच. हीरो ठरला पोस्टातला सुदाम. मी शाळेतला क्लार्क, म्हणून सामान उचलायला.

*

कार्टूनमधलं गाढव हसायचं. सरांनी खऱ्या गाढवाला गुदगुल्या केल्या, स्वतः हसून दाखवलं. शेवटी हसणाऱ्या गाढवाचं मोठं चित्र काढून त्याच्यापुढे धरलं. "हे पाय, असं हास!"

गाढवानं चित्र खाल्लं.

मालक म्हणाला, "सर, तुमचं चित्र लय आवडलं त्याले!"

*

कार्टूनमधला माणूस रागानं लालबुंद होतो. सरांनी तासभर खपून सुदामचं तोंड गेरूनं रंगवलं. शांतीशेठ बाजूला बसून कौतुकानं पाहत होते. रंग वाळल्यावर म्हणाले, "पण सर, रील तं काळंपांढरं हाय!"

दोन दिवस सुदामनं लाल तोंडानंच तिकिटं विकली.

*

सुदाम जिनिंग कारखान्याच्या गच्चीवरून कापसाच्या ढिगावर उडी मारणार, ही बातमी रिठदला त्याच्या आईपर्यंत, म्हणजे आमच्या मावशींपर्यंत पोचली. मावशी पहिल्या एसटीनं हजर! "सर, मले एकच पोरगा हाय. तुमीच काहून नाही मारत उडी?"

"मावशी, मी उडी मारली तं सांगणार कोण, कशी मारायची ते?"

मावशी जिनिंगच्या आवारात गेल्या, कापसाच्या ढिगावर स्वतः बसल्या, दोनदा उसळी घेतली आणि म्हणाल्या, "आणखी टाका."

*

उडीच्या वेळी सर खालून ओरडले, "सुदाम, खाली पाहू नको! तो कार्टूनवाला खाली पाहते म्हणून पडते!"

सुदाम आभाळाकडे बघत धावला. धप्प! कापसातून आवाज आला, "सर, खाली नाही पायलं तरी पडलो!"

तेवढ्यात रील संपलं.

*

महिन्याभरानं रील धुऊन आलं. भरदुपारी शेठच्या गोदामाच्या खिडक्या गाठोड्यांनी बुजवल्या, भिंतीवर धोतर लावलं. अख्खी गल्ली जमली. पुढं सुदाम आणि मावशी.

सिनेमा लागला. सुदाम धावला, पडला, सिनेमा संपला. कुणी हसलं नाही. सर मान खाली घालून बसले. मला फार वाईट वाटलं.

शेठनी रील परत गुंडाळायला प्रोजेक्टर उलटा फिरवला, पण दिवा बंद करायला विसरले. धोतरावर कापूस हलला. सुदाम त्यातून पाय वर करून निघाला, सरळ आभाळात गेला आणि गच्चीवर उभा राहिला!

गोदामात शिट्ट्या सुरू झाल्या. सरांनी मान वर केली. "थांबवा शेठ, तिथंच थांबवा!"

मावशींनी शेजारच्या सुदामचा दंड घट्ट धरला आणि ओरडल्या, "हो, थांबवाच! आता त्याले शिडीनं उतरवा!"