सकाळीच फुल करून बसलो होतो

एका लॅपटॉपपायी अख्ख्या अमळनेरात मी दारुडा ठरलो होतो. कोणत्या तोंडाने सांगू? पण चहा आलाच आहे, तर ऐका.

मावशीने स्थळ आणलं होतं. मुलगी अमळनेरची, पूनम. मी इकडे सुरतेत, गोडादऱ्यात, साड्यांची डिझाइनं काढणारा. बायोडाटा मीच लिहिलेला, जरा सढळ हाताने. पहिली भेट व्हिडिओ कॉलवर ठरली. मुलगी फोटोतच आवडली होती.

प्लगजवळच्या भिंतीला ओल, ती कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून लॅपटॉप घेऊन मी लांब पडद्यासमोर बसलो. आई म्हणाली, "वायर लाई ले रे भाऊ."

"आई, खोक्यावर अठरा तास लिहिलंय. बोलणं काय अठरा तास चालणार आहे?"

सकाळी फुल चार्ज करून दुपारपर्यंत त्याच्यावर काम केलं होतं. तरी बॅटरी पुष्कळ उरली असेल, असा माझा हिशोब.

मुलीचे वडील सरळ मुद्द्यावर आले. "गुजरातेत बंदी आहे म्हणतात. तरी विचारतो, पिता का?"

मी हसून म्हणालो, "काका, खरं सांगायचं तर..."

आणि स्क्रीन काळी.

तुम्हीच सांगा, याहून वाईट जागी कोणाची बॅटरी गेली असेल? घाईघाईने फोन लावला. आमच्या खालच्या मजल्यावर लूम चालतात, त्या खडखडाटात निम्मे शब्द गडप होतात. त्यात सुरतेत राहून आमची बॅटरी संपत नाही, 'उतरते'. नेमका 'बॅटरी' हाच शब्द खडखडाटात गेला.

"काका, अचानक उतरली हो."

"इतल्या लवकर उतरली?"

"तेच कळत नाही. सकाळीच फुल करून बसलो होतो."

काकांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, माणूस समजूतदार आहे.

संध्याकाळी मावशीचा फोन. "काय रे, बंदीच्या राज्यात, तेही सकाळी सकाळी?"

मग मावशीला गळ घालून दुसरा कॉल. या वेळी वायर लावून, खोकं हातात धरून. कंपनीचे अठरा तास म्हणजे स्क्रीनचा उजेड कमी, नेट बंद आणि काम काहीच नाही, असे असतात. आपल्या हाती चारच येतात, हे सगळं समजावलं. काका पोट धरून हसले. जमलं, असं वाटून मला भरून आलं.

तेवढ्यात काकांशेजारी बसलेली पूनम म्हणाली, "म्हणजे खोक्यावर अठरा, हातात चार."

"हो ना. लिहितात काहीही."

"तुमच्या बायोडाट्यात उंची पाच फूट नऊ लिहिलीय. जरा उभे राहता का?"

मी हळूच वायरीकडे पाहिलं. आज नेमकी ती घट्ट बसलेली होती.