पापडाच्या लाट्या, बीपी आणि मुतखडा

"उजव्या किडनीच्या नळीत खडा अडकलाय. आणि बीपी एकशे नव्वद आहे. हे कधीपासून?" नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं.

कमरेत कळ येत होती म्हणून मी कंधारहून आले होते. बीपीचं मला ठाऊकच नव्हतं.

सोनोग्राफीत हायड्रोनेफ्रोसिस निघालं. म्हणजे लघवी पुढं सरकेना म्हणून किडनी फुगली होती. डॉक्टर म्हणाले, "खडा लवकर काढला नाही तर किडनी निकामी होईल. पण एवढ्या बीपीवर भूल देणं धोक्याचं आहे."

थांबलं तरी भीती, न थांबलं तरी भीती.

नर्सबाई दंडाला पट्टा बांधायला आल्या की छाती धडधडायची. आकडा अजून वर जायचा. समोरच्या खाटेवरची बाई डायलिसिसला जायची, म्हणजे यंत्रातून रक्त साफ करायला. ती परत आली की मी तोंड भिंतीकडं करायची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "मीठ किती खाता?"

"बेतानंच," मी म्हणाले.

थोरल्या जाऊबाई शेजारी उभ्या होत्या. "कशाचं बेतानं, साहेब? आम्ही पापडाच्या ऑर्डरी घेतो. ही लाटता लाटता कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाती. उठावं लागंल म्हणून पाणी न्हाई पीत. गिऱ्हाइकापेक्षा हिच्याच पोटात जास्ती माल जातोय."

वॉर्डातल्या बाया हसल्या. मला खाटेखाली शिरावं वाटलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावलं, पापडखारातही मिठातलंच सोडियम असतं. त्यानं बीपी चढतं. लघवीत कॅल्शियमही जास्त उतरतं आणि पाणी कमी पडलं की त्याचा खडा बनू शकतो. मग त्यांनी माझा डबा उघडायला लावला. आत लोणचं अन् तळलेले पापड होते. तेव्हापासून अळणी वरण-भात आणि बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या.

तिसऱ्या दिवशी आकडा उतरला. पाठीत भुलीचं इंजेक्शन देऊन खडा काढला आणि स्टेंट, म्हणजे बारीक नळी, आत ठेवली. पुढं नळी काढली. नंतरच्या सोनोग्राफीत सूज नव्हती. किडनी वाचली. गोळी मात्र रोजची झाली. अजूनही पट्टा बांधला की मी श्वास रोखून धरते.

बायांनो, डॉक्टरांपुढं लाजू नका. माझ्या वतीनं दुसऱ्या कुणाला तरी बोलावं लागलं. त्या दिवशी मी जाऊबाईंशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. त्यांचे उपकार तोंडावर सांगायला अजून जीभ उचलत नाही. पण आता त्यांच्या ताटात मी आधी वाढते.