इसाराआधीचा चहा

मी जळतो. माझ्या धाकट्या चुलतभावावर मी कित्येक वर्षं जळतो आहे आणि हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे इथं लपवण्यात अर्थ नाही. तो मुंबईत समुद्राकाठची अतिमहागडी घरं विकतो. मी गोरेगाव तालुक्यात प्लॉट विकतो. गोरेगाव म्हटल्यावर लगेच मुंबईकडे बघू नका. आमचं गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं. माझी गिऱ्हाइकं म्हणजे मास्तर, ग्रामसेवक, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्याची गिऱ्हाइकं कोण, हे तो सांगत नाही. त्याच्या धंद्यात ते सांगायचंच नसतं म्हणे.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते तेव्हा तो येतो. मंडईला सगळेच येतात, लेकी-जावई येतात, पण आमच्या सपरीत, म्हणजे घराच्या पुढल्या पडवीत, माणसं दाटीवाटीनं बसतात ती याला ऐकायला. तो खुर्चीत बसून एक पाय हलवत बोलतो. तिकडे आता खोल्या कोणी मोजत नाही, अख्खा मजलाच एकाचा असतो. लिफ्टचं दार सरळ बैठकीत उघडतं आणि नोकरांची लिफ्ट वेगळी. पूर्वी शेठ लोक बंगल्यात राहायचे, आता बंगले विकून वर राहायला येतात, दोन मजले घेतात आणि मधून आपला जिना काढतात. काठावरच्या जुन्या बिल्डिंगी पाडून तिथंच उंच टॉवर उभे राहतात, म्हणून घेणारा आधी हेच विचारतो की माझ्या समोर उद्या काही उठणार नाही ना. जाहिरात नाही, बोर्ड नाही. ज्याला बोलावलं तोच घर बघायला येतो.

आमच्या एका म्हाताऱ्या आत्यानं एकदा त्याला विचारलं की एवढ्या उंचावर कपडे कुठं वाळवतात. बाहेरून दिसतील असे कपडे वाळवायची तिथं मनाई आहे, असं तो म्हणाला. यावर सपरीतले लोक पुढचे दोन दिवस बोलत होते. मी प्लॉटबद्दल सांगतो तेव्हा हेच लोक जांभया देतात. मी आत जाऊन उगाचच पाणी पिऊन येत असे.

जळण्याचं खरं कारण मात्र त्याचा पैसा नाही. गडी माझ्या हाताखाली शिकला. कॉलेज सोडून गावात फिरत होता तेव्हा मीच त्याला मोटरसायकलवर मागं बसवलं, सात-बारा कसा वाचायचा ते दाखवलं, गिऱ्हाईक गप्प झालं की आपणही गप्प बसायचं हे शिकवलं. आणि चहा शिकवला. हा चहा माझा स्वतःचा. आमच्या भागात प्लॉट घेणारा माणूस भाव विचारायच्या आधी शेजारी कोण आहे ते विचारतो. विचारणारच, कारण लग्नाचा मांडव शेजाऱ्याच्या जागेत शिरतो, सांडपाणी त्याच्या कुंपणाजवळून जातं, गावाला जाताना किल्ली त्याच्याकडे राहते. म्हणून मी ठरवून टाकलं की इसार, म्हणजे सौद्याची पहिली रक्कम, घेण्याआधी घेणारा नवरा-बायको आणि दोन्ही बाजूंचे प्लॉटवाले यांना त्या मोकळ्या जागेवरच सतरंजी टाकून बसवायचं, थर्मासमधला चहा द्यायचा आणि आपण लांब जाऊन उभं राहायचं. ते काय वाट्टेल ते बोलोत. दोन्हीकडून मान हलली तरच इसार. या चहापायी माझे सौदे मोडलेही आहेत. तालुक्यातले बाकीचे दलाल हसतात. पण माझ्या ले-आऊटमध्ये शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणं नाहीत, आणि हे मी कोणाच्याही तोंडावर सांगू शकतो.

हा पुढं नागपूरला गेला, तिथून मुंबईला. वर चढत गेला. मंडईला येऊन इतकं सांगायचा, पण एकदाही चारचौघांत म्हणाला नाही की सुरुवात भावाकडे झाली. आणि एकदाही मला म्हणाला नाही की तूही चल.

मागच्या मंडईला त्यानं माझ्या मुलीला विचारलं. माझ्यासमोर, सगळ्यांसमोर. ती गोंदियाहून बी.कॉम. करून दोन वर्षं माझ्याच ऑफिसात बसत होती. तिच्यासाठी मी खिडकीजवळ नवं टेबल करून घेतलं होतं, सागवानाचं. पुढं सगळं तिनंच बघावं ही माझी इच्छा होती, आणि मला दुसरं मूल नाही. तो म्हणाला, घर घ्यायचं की नाही ते तिकडे बाया ठरवतात, त्यांच्याशी बोलणारी शहाणी पोरगी कंपनीला पाहिजे. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. रात्री जेवताना तिनं मला फक्त एवढंच म्हटलं की एकदा बघून तर येऊ. मी म्हणालो, मीही येतो. खोट काढायलाच निघालो होतो.

धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपल्यावर आम्ही गेलो. त्यानं आम्हाला थेट नमुन्याच्या घरात नेलं, गिऱ्हाइकांना दाखवायला सजवून ठेवलेल्या. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर समुद्र. मी यापूर्वीही समुद्र पाहिला होता, पण वाळूत उभं राहून, सगळ्यांबरोबर. इथं तो त्या घरातल्या सामानापैकी एक असल्यासारखा पसरलेला होता. मी भिंतींवर बोटं वाजवून पाहिली, नळ सोडून पाहिले, खिडक्यांच्या फटी बघितल्या. स्वयंपाकघरं दोन होती, एक पाहुण्यांना दाखवायचं आणि त्याच्या मागं खरं रांधायचं. याला हसावं असं मनात आलं, पण मुलगी त्या दाखवायच्या ओट्यावरून इतक्या हळू हात फिरवत होती की मला हसू आलं नाही. घरात खोट नव्हती. मला त्याचाच राग आला.

तेवढ्यात एक वयस्क जोडपं आलं. ते घर बघायला चौथ्यांदा येत होते, असं भाऊ कानात म्हणाला. सगळं पसंत आहे पण हो म्हणत नाहीत. तो त्यांना इटलीहून आणलेल्या फरशीबद्दल सांगू लागला. त्या जोडप्यातल्या काकूंचं लक्ष नव्हतं. त्या सारख्या वर छताकडे बघत होत्या. मी हे बघणं ओळखतो. आमच्याकडे प्लॉट बघायला आलेल्या बायका कुंपणाच्या पलीकडे असंच बघतात. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"ऊपरवालों के साथ चाय पी ली क्या आपने?"

भावाचा चेहरा पडला. तिथं वरचा मजला कोणी घेतला हे सांगणं म्हणजे धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप, आणि मी थेट चहाच विचारून बसलो होतो. कोट घातलेला कंपनीचा एक साहेब पुढं आला आणि मला अदबीनं त्या मागच्या स्वयंपाकघराकडे नेऊ लागला. खेड्यातून आलेला नातेवाईक आहे, माफ करा, असं भाऊ त्या जोडप्याला हिंदीत सांगत होता. ते शब्द मी स्पष्ट ऐकले.

मागून मुलीचा आवाज आला. ती काकूंना शांतपणे सांगत होती की आमच्याकडे बाबा शेजाऱ्यांची गाठ घालून दिल्याशिवाय सौदाच करत नाहीत, तुम्हालाही तसंच हवं आहे का. काकू खाली बसल्या. म्हणाल्या, चार वेळा येऊन हेच विचारायचं होतं, पण इथं हे विचारतात की नाही ते कळेना. बंगल्यात सगळं आयुष्य गेलं, डोक्यावर कधी कोणी राहिलं नाही, आता वर कोण चालणार आहे ते तरी कळू दे. मुलीनं त्या कोटवाल्या साहेबांना सुचवलं की नाव आपण सांगायचं नाही. वरच्यांनाच विचारू, त्यांना भेटायचं असेल तर ते आपणहून येतील.

वरचे आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्याच बैठकीत. चहा तिनं दिला आणि मग ती लांब जाऊन उभी राहिली, मी उभा राहतो तशी, पाठ करून. मी मागच्या स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो. पाऊण तास त्यांचं बोलणं चाललं आणि शेवटी दोघी बायका हसत उठल्या. त्या रात्रीच काकूंच्या नवऱ्याचा होकार आला. साहेबांनी भावाची पाठ थोपटली तेव्हा भाऊ म्हणाला, ही आमच्या गावाकडची पद्धत आहे.

गावाकडची. म्हणजे कोणाचीच नाही.

सगळे गेल्यावर तो बाहेरच्या मोठ्या गच्चीत सिगारेट ओढत होता. मुलगी आत कपबशा आवरत होती. मी त्याच्याजवळ गेलो. चहाचं विचारायचं ठरवून गेलो होतो, पण दुसरंच निघालं.

"मले एकडावही कायले नाई म्हनलं, का भाऊ तू बी चाल? आता पोरीले नेऊन राहिला."

त्यानं सिगारेटची राख झटकली. मला वाटलं आता वय, इंग्रजी, असलं काहीतरी सांगेल. तशी उत्तरं मी तयारच ठेवली होती. पण त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं.

"तू आला असता त मले कोनं इचारलं असतं, भाऊ?"

इतकी वर्षं मी सपरीच्या कोपऱ्यात बसून ज्याच्यावर जळत होतो तो मला भिऊन होता. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. त्याचा समुद्र, त्याची लिफ्ट, सगळं त्या एका वाक्यानं माझ्या हातात दिल्यासारखं झालं. मी त्याच्याकडून सिगारेट मागून घेतली, मी ओढत नाही तरी.

आत आलो तर मुलगी म्हणाली, बाबा, मी राहते. तिच्या चेहऱ्यावर मी काय म्हणेन याची भीती होती. टेबलाचं काय, असं मला विचारायचं होतं. पण ती त्या चहाच्या वेळी पाठ करून उभी होती ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. राहा, असं म्हणालो. भावाकडून जे मिळालं त्याचा आनंद अजून तोंडात होता आणि त्यातच हे गिळावं लागलं. परतीच्या गाडीत मी एकटाच होतो, आणि नागपूर सोडल्यावर कळमन्याच्या पुढं गाडी थांबून राहिली तेव्हा मला पहिल्यांदा नीट रडू आलं.

आता त्या कंपनीत प्रत्येक घराच्या सौद्याआधी शेजाऱ्यांचा चहा होतो. त्याला त्यांनी काहीतरी इंग्रजी नाव दिलं आहे आणि आमंत्रणाचं जाड कार्ड छापलं आहे; मुलीनं फोनवर फोटो पाठवला. समुद्राकाठच्या दुसऱ्या टॉवरवाल्यांनीही तेच सुरू केलं म्हणे. ही म्हणे नवी चाल. मी थर्मास घेऊन एका मास्तरांचा प्लॉट दाखवायला निघालो होतो तेव्हा तो फोटो आला. मी फोन खिशात टाकला आणि दिवसभर कोणाशी धड बोललो नाही. या वेळी मी भावावर जळत नव्हतो. मी माझ्या पोरीवर जळत होतो, आणि हे कोणाला सांगायची सोय नाही.

मे महिन्यात तिचा फोन आला. एकाच इमारतीतली सहा घराणी एकदम बसवायची होती, एवढी माणसं एका चहाला तिनं कधी बसवली नव्हती. तिचा काका, म्हणजे माझा भाऊ, आणि साहेब दोघंही म्हणत होते की तुझ्या बाबांना बोलावून घे, त्यांनाच करू दे, तिकीट आम्ही पाठवतो. कोट शिवून देतील म्हणाली, आणि हसली. मग हळूच विचारलं, येता का, बाबा?

मला जायचं होतं. इतकी वर्षं मी याच बोलावण्याची वाट बघत होतो आणि जीव नुसता तिकडे धावत होता. पण त्या बैठकीत मी उभा राहिलो की सहाही घराणी माझ्याकडे बघतील, साहेब माझी पाठ थोपटतील आणि तिच्याकडे कपबशा येतील. उन्हाळी धानाची कापणी सुरू आहे, मला निघता येणार नाही, तूच कर, असं मी सांगितलं. आमची कापणी आठवड्यापूर्वीच झाली होती. कापणी संपली त्याच दिवशी तिच्या आईनं तिला ते फोनवर सांगितलं होतं. कापणीचं तिनं काही विचारलं नाही, एवढंच म्हणाली, बरं, बाबा, करते.